नायजेरियातील पामतेलाचा देशांतर्गत पुरवठा

तेलताड हे मूळचे पश्चिम आफ्रिकेचे झाड आहे आणि नायजेरियाचा दक्षिण भाग त्याचे माहेरघर मानला जातो. तरीही पामतेलाची गरज भागवण्यासाठी या देशाला आज आयात करावी लागते. आपल्याकडे रेशनवर मिळालेले फिकट पामोलीन शुद्ध केलेले असते. नायजेरियाच्या स्वयंपाकात मात्र न गाळता-विरंजता वापरलेले दाट, तांबडेलाल तेल लागते. योरुबा भाषेत त्याला ‘एपो पुपा’ म्हणजे लाल तेल म्हणतात.

1960 च्या सुमारास जगातील पामतेलाचा 40 टक्क्यांहून अधिक वाटा नायजेरियाचा होता. आज तो 2 टक्क्यांच्याही आत आला आहे. यावरून उत्पादन कोसळले असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. तेव्हाचे साडेसहा-सात लाख टन उत्पादन आता 14-15 लाख टनांवर गेले आहे. याच काळात लोकसंख्या मात्र साडेचार कोटींवरून 22 कोटींच्या पुढे गेली. म्हणजे माणशी तेल निम्म्याहून कमी झाले आणि मागणीच्या तुलनेत काही लाख टनांची तूट कायमची मागे लागली. 1967-70 चे यादवी युद्ध नेमके पूर्वेकडील तेलताडाच्या पट्ट्यात झाले. त्यानंतर खनिज तेलाचा पैसा आला आणि शेतीकडे दुर्लक्ष झाले. त्याच दशकांत मलेशियाने आणि पुढे इंडोनेशियाने पद्धतशीर लागवड करून नायजेरियाला खूप मागे टाकले.

पुरवठ्याची खरी अडचण बनांमध्ये आहे. सुमारे 80 टक्के तेल लहान शेतकऱ्यांकडून आणि आपोआप उगवलेल्या जुन्या झाडांपासून येते. ही झाडे बहुतेक ‘ड्युरा’ प्रकारची असतात. फळाची करवंटी 2 ते 8 मिलिमीटर जाड आणि तेलाचा गर त्या मानाने कमी. ड्युरा आणि बिनकरवंटीचा ‘पिसिफेरा’ यांच्या संकरातून होणाऱ्या ‘टेनेरा’ची करवंटी पातळ असते व फळाचा 60 टक्क्यांहून अधिक भाग गरच असतो. शिवाय जुनी झाडे उंच असतात. दोराचे कडे कमरेभोवती घेऊन वर चढणारे गडी कमी होत चालले आहेत, त्यामुळे घड वेळेवर उतरत नाहीत. एडो राज्यातील ओकोमू आणि प्रेस्को या कंपन्यांच्या मळ्यांत टेनेराची लागवड व स्वतःचे कारखाने आहेत, पण देशाच्या एकूण तेलात मळ्यांचा वाटा लहानच आहे.

गावच्या गिरणीवर घड फोडून दोन ते पाच दिवस झाकून ठेवतात, म्हणजे फळे सहज सुटतात. मग ती उकडून, कुटून, दाबून तेल काढतात आणि पाण्यात उकळून निवळतात. इथेच माल बिघडतो. फळ ठेचले किंवा पडून राहिले की गरातले लायपेज हे विकर तेल फोडू लागते आणि मुक्त मेदाम्ले वाढतात. खाद्यतेलात ती साधारण 5 टक्क्यांच्या आत हवीत, गावठी तेलात ती सहज दुप्पट-तिप्पट होतात. शेवटच्या उकळीत तडतड पूर्ण थांबण्याआधीच तेल उतरवले तर पाणी राहते आणि डब्यात तेल खवट होते. हातदाबावर चोथ्यातही बरेच तेल अडकून राहते. चांगल्या कारखान्यात टेनेराच्या घडाच्या वजनाच्या 20 ते 22 टक्के तेल निघते, गावात अनेकदा त्याच्या निम्मे.

म्हणून बाजारात दोन प्रतींचे तेल असते: कमी आम्लाचे ‘एसपीओ’ (स्पेशल पाम ऑइल) आणि साबण वगैरेंसाठी जाणारे ‘टीपीओ’ (टेक्निकल पाम ऑइल). शुद्धीकरण कारखान्यांना पहिले हवे असते, गावांतून येते बरेचसे दुसरे. बाजारात टंचाई असतानाही कारखानदार परदेशी मालाकडे वळतो, त्याचे हे मोठे कारण आहे.

हंगामाचा चढउतारही तीव्र असतो. फेब्रुवारी ते मे हा सुगीचा काळ, तेव्हा भाव पडतात. पावसाळा संपत आला की आवक आटते आणि वर्षअखेरीस 25 लिटरच्या केगचा म्हणजे कॅनचा भाव चढतो. साठवणूक करणारे व्यापारी याच फरकावर जगतात. टंचाईत ‘सुदान’ नावाच्या रंगांसारखे कृत्रिम रंग घालून फिके तेल लाल करण्याचे प्रकार होतात. ते आरोग्याला घातक आहेत.

2015 मध्ये मध्यवर्ती बँकेने पामतेलासह 41 वस्तूंच्या आयातीसाठी अधिकृत बाजारातून परकीय चलन देणे बंद केले. हे बंधन ऑक्टोबर 2023 मध्ये उठले. अशा उपायांनी भाव वाढतो, झाडे मात्र वाढत नाहीत: नवे टेनेरा तीन-चार वर्षांनी फळते आणि भराला यायला त्याहून जास्त वर्षे लागतात.

त्यातही रोप खात्रीचे हवे. एडो राज्यातीलच बेनिन सिटीजवळील ‘निफोर’ ही संशोधन संस्था संकरित बियाणे तयार करते. पण टेनेराच्या बागेत पडलेले बी उचलून केलेली रोपे स्वस्त मिळतात. अशा बियांतून साधारण निम्मीच झाडे टेनेरा निघतात. पाव हिस्सा पुन्हा ड्युरा, तर पाव हिस्सा पिसिफेरा, ज्याचे घड बहुधा भरतच नाहीत. रोपवाटिकेत तिन्ही सारखीच दिसतात. फळ कापून करवंटी पाहिल्यावरच शेतकऱ्याला फरक कळतो, आणि तोवर हेक्टरी 143 झाडांची चार वर्षांची मशागत होऊन गेलेली असते.