बाजाराचा दिवस आणि रविवार : ग्रामीण विदर्भातील सुट्टीची पार्श्वभूमी

ग्रामीण विदर्भातील आठवड्याच्या विसाव्याचा विचार करताना केवळ शनिवार-रविवार डोळ्यांसमोर ठेवला, तर अर्धेच चित्र हाती लागते. शेतमजुरीवर चालणाऱ्या गावात आठवडा बाजाराच्या दिवशी संपतो आणि दुसऱ्या दिवशी नव्याने सुरू होतो. बाजार मंगळवारचा असेल तर मजुरीचा चुकारा मंगळवारी होतो, त्या दिवशी निंदणाला किंवा कापूस वेचायला सहसा कोणी येत नाही, आणि वावराचा मालकही हे गृहीत धरूनच कामाची आखणी करतो. रविवार या व्यवस्थेत पुष्कळ उशिरा आला. कचेरी, शाळा आणि गिरणी या तीन वाटांनी तो आला खरा, पण गावातील घराघरांत तो बसला तो दूरदर्शनमुळे, असे या लेखकाचे मत आहे. आज सुट्टीच्या दिवशी गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी जे लहानसहान सुख अनुभवले जाते, त्यातील बराचसा भाग मुळात बाजाराच्या दिवसाचा आहे. रविवारने तो आपलासा केला इतकेच.

आठवडी बाजाराची मुळे किती खोल आहेत, हे पाहण्यासाठी नागपूरच्या जुन्या वस्त्यांकडे नजर टाकली तरी पुरते. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी ही मोहल्ल्यांची नावे वारांवरून पडलेली आहेत, आणि अमरावती व वर्धा येथेही इतवारा आहेच. शहर वाढले, दुकाने रोजची झाली, तरी नाव राहिले. खेड्यांत मात्र तो क्रम आजही जिवंत आहे. भाजीवाले, मसालेवाले, कासार, कापडवाले, सुकट-बोंबील विकणारे असे बाजारकरी आठवडाभर एका ठरलेल्या फेरीत फिरतात; सोमवारी एका गावात, मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या. म्हणूनच शेजारच्या गावांचे बाजार सहसा एकाच वारी भरत नाहीत. ही रचना कोणा एका अधिकाऱ्याने कागदावर आखलेली नसून, विकणाऱ्याच्या पायांची आणि बैलबंडीची एका दिवसाची मजल लक्षात घेऊन ती पिढ्यानपिढ्या घडत गेली आहे.

बाजाराची मालकी मात्र बदलत गेली. भोसल्यांचे नागपूर राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत अस्तित्वात आला. तेथे इंग्रजांनी मालगुजारी पद्धत, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालगुजाराला गावाचा मालक मानण्याची पद्धत, पक्की केल्यामुळे नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आजचे चंद्रपूर) या भागांत गावच्या बाजाराच्या जागेवर मालगुजाराचा अधिकार चालत असे. वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, शेतकरी थेट सरकारला सारा भरत असे, म्हणजे रयतवारी होती; त्यामुळे तसा मालगुजार तेथे नव्हता. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून ते हक्क सरकारकडे गेले. पुढे १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने बाजारावर फी आकारण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला मिळाला. ही वसुली वर्षाच्या बोलीने देण्याची पद्धत रूढ झाली आणि बाजाराचा हर्रास हा गावच्या राजकारणातील एक चुरशीचा प्रसंग होऊन बसला. ज्याने हर्रास घेतला त्याचा माणूस पावतीपुस्तक घेऊन पालापालांतून फिरतो आणि त्याच्याशी पाच-दहा रुपयांवरून होणारी हुज्जत हाही बाजारातील करमणुकीचा एक भाग असतो.

बाजारात माणसे केवळ सामान आणायला जात नाहीत, हे सांगण्याची गरज नसावी. लेकीच्या गावचा माणूस बाजारात भेटतो, तिची खुशाली कळते, तिच्या हाती द्यायची पिशवी त्याच्याजवळ सोपवली जाते. लग्नाच्या बोलण्यांची सुरुवात चहाच्या टपरीवर होते. दाढी-कटिंग, चपलेचा टाका, कुऱ्हाडीला धार, विळ्याला मूठ ही कामे त्याच दिवशी उरकतात. गुरांचा बाजार जेथे भरतो तेथे बैल घ्यायचा नसतानाही दात पाहणारे, खांदा पाहणारे, चाल पाहणारे जाणकार दिवसभर उभे असतात, आणि त्यांची मते विचारणारे त्यांच्याहून अधिक. मुलांसाठी या दिवसाचा अर्थ मुरमुरे, फुटाणे, गोडी शेव आणि जिलेबी एवढा सरळ होता. मोठ्यांसाठी गरम आलूबोंडा, वर कढी किंवा तर्री, आणि तळलेली मिरची. घरात रोज न शिजणारी गोष्ट आठवड्यातून एकदा बाहेर खायला मिळणे हे सुख हॉटेलांच्या कितीतरी आधी बाजाराने दिले. मटणाचेही तसेच आहे. लहान गावात रोज बकरा कापणे परवडणारे नसल्याने तो बाजाराच्याच दिवशी कापला जाई, आणि बाजाराच्या संध्याकाळी गल्लीगल्लीतून मसाल्याचा वास येई. बाजार गुरुवारी आला तर गजानन महाराजांना मानणाऱ्या घरांची अडचण होई, शनिवारी आला तर मारुतीची. अशा घरांत बाजाराचा आणि पथ्याचा मेळ घालणे हे गृहिणीचे कौशल्य होते.

बाजारातील या चैनीला पैसा लागतो, आणि तो पैसा विदर्भात मोठ्या प्रमाणावर कापसाने आणला. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. त्यानंतर आठच वर्षांनी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, १८६५ पर्यंत तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला एकाएकी सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. खामगाव, अमरावती, कारंजा, हिंगणघाट ही कापसाची नावाजलेली ठाणी झाली. कारंजा येथे १८८६ मध्ये सरकारी नियमांखालील कापूस बाजार सुरू झाला, जो देशातील अशा प्रकारचा पहिला मानला जातो, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. बलुत्यावर आणि धान्याच्या देवघेवीवर चालणाऱ्या गावात रोख पैसा खेळू लागला. तो सावकाराकडेही गेला आणि त्याची पुढची कहाणी दुःखाची आहे, परंतु आठवड्याच्या बाजारात चहा, साखर, छापील कापड, काचेच्या बांगड्या यांना जागा झाली ती याच पैशामुळे. एकेकाळी यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि पुढे अचलपूरपर्यंत धावणारी शकुंतला ही अरुंद मार्गावरची गाडीही कापूस वाहण्यासाठीच बांधली गेली होती. तिच्यातून पुढे बाजारकरी, शाळकरी मुले आणि माहेरवाशिणी जास्त फिरल्या. तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत चालले.

रविवारची हकिकत वेगळी आहे. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्यात, म्हणजे हुंडी-धनादेशांविषयीच्या कायद्यात, सार्वजनिक सुट्टीच्या व्याख्येत रविवार धरला गेला, म्हणजे बँक आणि हुंडीच्या व्यवहारात त्याला कायद्याचे स्थान मिळाले. कचेऱ्या आणि शाळा आधीच त्या दिवशी बंद राहत. येथे एक गोष्ट जाता जाता नोंदवण्यासारखी आहे: शेजारच्या मराठवाड्यात निजामाच्या राजवटीत आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. वऱ्हाडही त्याच निजामाच्या मालकीचे, पण कारभार इंग्रजांकडे असल्याने येथे रविवार रुळला. पैनगंगेच्या दोन तीरांवरील शाळा दोन वेगळ्या दिवशी बंद राहत होत्या.

कामगाराला मात्र हा रविवार झगडून मिळवावा लागला. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारी आयोगापुढे ठेवले. रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि वेळेवर पगार अशा त्यातील मागण्या होत्या. दिवसाचा उजेड संपला की काम संपावे, ही मागणी वाचताना शेतातून आलेल्या माणसाची घड्याळाविषयीची समजूत तिच्यात दिसते. अखेर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने ती देशभर लागू झाली. विदर्भात तोवर गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर येथेही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. या गावांच्या आसपासच्या खेड्यांतून आलेला कामगार रविवारी घरी जाऊ लागला, आणि अशा घरांत पहिल्यांदा आठवड्याला दोन सण झाले, एक बाजाराचा आणि एक रविवारचा.

शेतावरच्या माणसाला या कायद्याचा काही उपयोग नव्हता. त्याचा विसावा ऋतूशी बांधलेला होता. काही गावांत सोमवारी बैलांना औताला जुंपत नाहीत, पोळ्याला बैलाच्या खांद्याला विश्रांती मिळते, पण माणसाची खरी मोकळीक दिवाळीनंतरची. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानाच्या मुलखात, भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. मंडईला पाहुणे येतात, लेकीबाळी येतात, दिवसा बाजार आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत ही लोकनाट्ये किंवा नाटक असा बेत असतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र आहे. तेथील नाटक मंडळ्यांकडे हंगामापूर्वीच नोंदणी होते आणि होळीपर्यंत प्रयोग चालतात. जमीन खणून उतरती केलेल्या जागेत प्रेक्षक बसतात आणि नाटक पहाटेपर्यंत रंगते. २०२३ मध्ये या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा बाहेरच्या अनेकांना या परंपरेची पहिल्यांदाच ओळख झाली. नाटकाला अनेकदा शंकरपटाची जोड असे. बैलजोड्यांच्या या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये बंदी घातली, महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी त्या कायद्यावर शिक्कामोर्तब झाले. पट बंद असलेल्या वर्षांत अनेक गावांतील नाटकाचा बेतही फिका पडला, कारण दिवसा पट पाहायला आलेला माणूसच रात्री नाटकाला थांबत असे.

वऱ्हाडात रात्रीची करमणूक निराळी होती. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि त्यानंतर गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांनी सामुदायिक प्रार्थना व खंजेरीवरची भजने रुजवली. दिवसभर वावरात राबलेला माणूस रात्री खंजेरी घेऊन बसतो ही गोष्ट भक्तीची आहे तशीच विसाव्याचीही आहे, आणि तिला कोणत्याही वाराची अट नाही.

नागपूर आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले, तरी रेडिओने आठवड्याचा क्रम बदलला नाही. तो रोजचाच सोबती होता. क्रम बदलला दूरदर्शनने. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ मालिका दाखवली जाऊ लागली आणि पुढच्या वर्षी तीच वेळ ‘महाभारत’ने घेतली. ज्या घरी संच होता त्या घरची ओसरी रविवारी सकाळी भरून जाई, बॅटरी भारून ठेवली जाई, आणि ज्या मजुराला रविवारशी काही देणेघेणे नव्हते तोही वावरात उशिरा जाऊ लागला. कायदा आणि कचेरी यांना जे शंभर वर्षांत साधले नाही ते एका मालिकेने दीड वर्षात केले, असे म्हटले तर ते फारसे अतिशयोक्त ठरू नये.

त्यानंतर रविवारचे स्वतःचे असे खाणे तयार झाले. सकाळी तर्री-पोहे, दुपारी मटण किंवा पाटवडीचा रस्सा, आणि हिवाळ्यात मळ्यावर रोडग्यांचा बेत. कणकेचे रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीशी खायचे, हा मुळात देवाच्या नवसाचा स्वयंपाक. आता नोकरीवाले भाऊ गावी येणार म्हणून तो रविवारी ठरतो. या बेतात पुरुष भट्टी लावतात, वांगी चिरतात, रोडगे उलटतात. घरच्या बायकांच्या वाट्याला चुलीपासून सुटका येते ती अशा मोजक्याच दिवशी. एरवी बाजार असो की रविवार, घरातल्या बाईची सुट्टी कोणत्याही कायद्यात किंवा रिवाजात बसलेली नाही. बाजाराला जाणे हीच तिची मोकळीक, म्हणून थैलीत काय आणायचे आहे यापेक्षा कोणासोबत जायचे आहे हे आधी ठरते.

शनिवार हा या गोष्टीत सर्वांत अलीकडे आला. १ सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद राहू लागल्या आणि २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. यानंतर महिनाभरातच टाळेबंदीने आठवडी बाजार बंद पडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात रुग्ण वाढल्यावर शनिवार रात्रीपासून सोमवार सकाळपर्यंतची टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा प्रशासनाच्या लेखी गावाचा आठवडाही शहरासारखाच संपत होता. निर्बंध उठताच बाजार पुन्हा आपापल्या वारी भरले. आज तालुक्याच्या ठिकाणचा कर्मचारी शुक्रवारी संध्याकाळी नागपूर-अमरावतीची गाडी पकडतो, आणि सातबाऱ्यासाठी किंवा दाखल्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला सोमवार गाठावा लागतो. जेथे बाजार शनिवारी भरतो तेथील माणसाची यात विशेष गैरसोय झाली आहे, कारण बाजार आणि कचेरी ही दोन कामे एका फेरीत, एका तिकिटात उरकण्याची त्याची जुनी सोय त्यामुळे गेली.