निराशा (कॅथलिक शिकवणीतील)

कॅथलिक नीतिशास्त्रात निराशा म्हणजे मनाची उदासी नव्हे. देव आपले तारण करील, त्यासाठी बळ देईल, आपल्या पापांची क्षमा करील ही आशा माणसाने जाणूनबुजून सोडणे, म्हणजे निराशा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण-ग्रंथात ती आशेविरुद्धचे पाप ठरते. पश्चात्तापाविनाच क्षमा मिळेल असे गृहीत धरणे, हे त्याच पापाचे दुसरे टोक.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनी म्हटले, की अश्रद्धा आणि देवाचा द्वेष ही स्वरूपतः अधिक गंभीर पापे. पण माणसाला निराशा अधिक घातक, कारण आशा सुटली की तो चांगले वागण्याची धडपडच थांबवतो.

निराशा वरवर पश्चात्तापासारखीच दिसते, आणि खरी अडचण इथेच आहे. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात येशूला पकडून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतालाही पस्तावा होतो. तो त्यासाठी मिळालेली चांदीची तीस नाणी परत करतो, अपराध कबूल करतो आणि मग गळफास घेतो. येशूला तीनदा नाकारणारा पेत्रही ढसाढसा रडतो, पण शिष्यांमध्येच राहतो आणि पुन्हा येशूसमोर येतो. दोघांचे दुःख खरेच होते. म्हणून निराशेला पश्चात्तापाचा अतिरेक समजणे चुकीचे आहे. ‘माझे पाप क्षमेपलीकडचे आहे’ हे म्हणणे नम्रतेचे वाटले, तरी तो देवाच्या दयेवर माणसाने दिलेला निवाडा असतो.

चर्चने क्षमेचे दार अरुंद करण्याचे प्रयत्न वेळोवेळी नाकारले. तिसऱ्या शतकात छळाच्या भीतीने श्रद्धा सोडलेल्यांना परत घेऊ नये, हा रोममधील धर्मगुरू नोव्हेशियनचा आग्रह मान्य झाला नाही. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५५१ मध्ये सांगितले, की देवावरील प्रेमातून आलेला पश्चात्ताप पूर्ण. तरी शिक्षेच्या भयातून उपजलेला अपूर्ण पश्चात्तापही, पाप सोडण्याचा निश्चय आणि क्षमेची आशा असेल, तर प्रायश्चित्त संस्कारात, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करण्याच्या विधीत, क्षमा मिळवण्यास माणसाला तयार करतो. भ्यालेल्या माणसासाठी हा फार मोठा दिलासा आहे.

पोलंडच्या संत फाउस्टिना कोवाल्स्का (१९०५–१९३८) यांच्यामुळे ईश्वरी दयेची भक्ती जगभर पसरली. २००० मध्ये त्यांना संतपद देताना पोप दुसरे जॉन पॉल यांनी पुनरुत्थान सणानंतरचा रविवार या दयेला वाहिला.

आत्महत्येबाबतची भूमिकाही सौम्य झाली. १९१७ च्या धर्मसंहितेत, म्हणजे चर्चच्या कायद्यांच्या संग्रहात, हेतुपुरस्सर आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला होता. १९८३ च्या संहितेत ती तरतूद नाही. तीव्र मानसिक व्याधी, भय किंवा यातना यांमुळे जबाबदारी कमी होते, हे धर्मशिक्षण-ग्रंथ मान्य करतो. आत्महत्या केलेल्यांच्या तारणाची आशा सोडू नये, असे सांगून चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करते.