लेकरू आजारी पडलं: आधी दुकान की आधी दवाखाना?

"भाऊ, लेकराले ताप आहे, काही द्या ना."

सावनेरातल्या आमच्या औषधाच्या दुकानात, काउंटरवर हे वाक्य दिवसातून पाच-सात वेळा येतं. पावसाळ्यात तर मोजायचीही सोय नसते. मग आम्ही विचारतो, लेकरू केवढं? "लहानच आहे." वजन किती? "मागं लस दिली तेव्हा केलं होतं." ताप मोजला का? "हाताला लागते ना चांगला." लेकरू कुठं आहे? "घरी, आजीजवळ." मग घरी फोन लागतो, आजीला ऐकू येत नाही, ती फोन सुनेला देते. मागे चार माणसं उभी असतात. पंधरा मिनिटांनी आम्ही म्हणतो, "दवाखान्यात दाखवून घ्या," आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करून जातं.

हे पत्रक त्या पंधरा मिनिटांसाठी आहे. पाच वर्षांखालचं लेकरू आजारी पडलं की घरीच बघायचं, दवाखान्यात न्यायचं, की रात्रीच गाडी काढायची, एवढं घरातून निघण्याआधी ठरलं तर तुमचा वेळ वाचतो. आमचाही वाचतो, हे लपवत नाही.

"मागचंच द्या"

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो. मोबाईलवर जुन्या बाटलीचा फोटो दाखवायचा आणि म्हणायचं, मागच्या वेळी यानंच बरं वाटलं होतं, तेच द्या. आम्ही नाही म्हटलं की, "समोरचा देतो." देत असेल. आम्ही का देत नाही ते एकदा सविस्तर सांगतो.

पॅरासिटामॉलचंच घ्या. तान्ह्या बाळाला देतात त्या थेंबांच्या बाटलीत १ एमएलमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं. लहान मुलांच्या साध्या सिरपमध्ये ५ एमएलला १२० किंवा १२५, म्हणजे १ एमएलमध्ये जेमतेम २५. मोठ्या मुलांच्या सिरपमध्ये ५ एमएलला २५०, म्हणजे १ एमएलमध्ये ५०. खोक्यावरचं चित्र सारखं, रंग सारखा, चवही तीच, पण औषधाचं प्रमाण चौपट कमी-जास्त.

मागच्या पावसाळ्यात एक ताई चांगल्याच रागावून आल्या होत्या. दोन दिवस औषध देतोय, ताप हलत नाही, तुमचा माल बरोबर नाही म्हणाल्या. बाटली पाहिली तर १२५ चं सिरप. चिठ्ठी पाहिली तर सहा महिन्यांपूर्वीची, थेंबांची, '१ एमएल' असं लिहिलेली. थेंब संपले म्हणून त्यांनी घरातलं सिरप काढलं होतं आणि थेंबांच्या ड्रॉपरनंच १ एमएल मोजून देत होत्या. म्हणजे औषध पाव हिस्सा, आणि मधल्या सहा महिन्यांत लेकरू वाढलेलं. हे कमी पडलं म्हणून नुसता ताप राहिला. उलटं झालं असतं, सिरपचे ५ एमएल सांगितलेले आणि हातात थेंबांची बाटली, तर दर वेळी चौपट औषध गेलं असतं. तसं दोन दिवस चाललं तर लिव्हरवर येतं. पॅरासिटामॉलचा हिशेब लेकराच्या वजनावर होतो, दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, आणि दोन डोसांत चार ते सहा तासांचं अंतर. म्हणून आम्ही वजन विचारतो. चौकशा करायची हौस नाही.

दुसरी गोष्ट अँटिबायोटिकच्या अर्ध्या बाटलीची. बाटलीत पावडर येते, खुणेपर्यंत पाणी घालून हलवून ती तयार करायची. तयार झालेलं औषध साधारण आठवडाभर चालतं, नेमके दिवस लेबलवर असतात. आपल्याकडे काय होतं, तिसऱ्या दिवशी लेकरू खेळायला लागतं, औषध बंद होतं आणि बाटली फ्रीजच्या दारात अंड्यांशेजारी जाऊन बसते. दोन महिन्यांनी पुन्हा खोकला आला की तीच बाटली बाहेर निघते. त्यात आता औषधाचा भरवसा नाही, आणि आजार तोच आहे याचाही नाही. बरीचशी सर्दी विषाणूची असते, तिथं अँटिबायोटिकचं काही काम नसतं. शिवाय ही औषधं चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. एच-वन म्हणजे जपून द्यायच्या औषधांची सरकारी यादी, तिच्यातल्या औषधांसाठी २०१४ पासून वेगळं रजिस्टर आहे. त्यात डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहून तीन वर्षं जपावं लागतं. तपासणीला आलेला अधिकारी आधी तेच रजिस्टर मागतो. ओळखीचं गिऱ्हाईक आहे म्हणून ती ओळ कोरी सोडता येत नाही.

मग जायचं कुठं?

ताप किती आहे यापेक्षा लेकरू कसं आहे ते बघा. १०२ ताप असून औषधानंतर खेळतंय, पाणी पितंय, ओळखीचं हसतंय, तर रात्र घरी काढता येते. ९९ आहे पण दूध ओढत नाही, हाक मारली तर डोळे उघडत नाही, तर सकाळची वाट बघू नका.

दोन महिन्यांखालच्या बाळाला हा नियम नाही. एवढ्या बाळाला ९९.५ च्या वर ताप, अंग गार पडणं किंवा दूध कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. त्यांच्यासाठी आमच्याकडे काही मागू नका, आम्ही देणार नाही. गुटीत वाढवून वेखंड-जायफळ देऊन बघू, हेही नको.

नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, खाणं जरा कमी आहे, पण लेकरू चालतं-बोलतं आहे, तर घरी थांबा. नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, कोमट पाणी, अंगावरचं दूध चालू. वर्षावरच्या लेकराला खोकल्यासाठी अर्धा चमचा मध द्या. वर्षाखाली मध अजिबात नको. तीन दिवसांत ताप गेला नाही तर दाखवा. आपल्या भागात याला कारण आहे. २०१८ साली ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूरकडे स्क्रब टायफसची साथ आली होती. गवतातला बारीक किडा चावतो, अंगावर काळी खपली दिसते, कधी दिसतही नाही, आणि नुसत्या पॅरासिटामॉलवर दिवस जातात. त्याच महिन्यांत डेंगूही असतो, आणि त्यात काही तापाच्या औषधांनी रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून पावसाळ्यात ताप उतरवायला आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड स्वतःच्या मनानं मागू नका. निमेसुलाइड तर बारा वर्षांखाली २०११ पासून बंदच आहे, तरी कधीमधी कोणीतरी मागतंच.

खोकल्यात एक गोष्ट घरीच मोजता येते. लेकरू शांत असताना, झोपेत असेल तर उत्तम, अंगावरचं झबलं वर करा, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरलं तर त्याच दिवशी दवाखाना. आशाताई आणि नर्सबाई याच आकड्यांवर ठरवतात. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, किंवा शांत असतानाही घशातून घरघर आवाज येत असेल, तर मोजत बसू नका, निघा.

निघायचंच, अशी आणखी कारणं: काहीही पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून टाकतं, झटके आले, सुस्त पडून आहे. झटक्यात कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, गळ्याभोवतालचं सैल करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबले तरी दाखवायचं, नाही थांबले तर लगेच.

आणि निघायचं म्हणजे दुचाकीवर मध्ये लेकरू धरून थेट नागपूर नव्हे. रस्ता तासाभराचा, वाटेत श्वास लागला तर काय करणार? आधी जवळचा सरकारी दवाखाना गाठा. तिथं ऑक्सिजन आणि पहिलं इंजेक्शन मिळतं. पुढं नागपूरच्या मेयो, मेडिकल किंवा एम्स या मोठ्या सरकारी रुग्णालयांत पाठवायचं ठरलं तर चिठ्ठीसह पाठवतात. १०८ ला फोन केला तर गाडी फुकट येते. वर्षाखालच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्याची गाडी १०२ वर, तीही फुकट. खर्चाच्या धास्तीनं आधी आमच्याकडे येणाऱ्यांना मुद्दाम सांगतो: १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. हे सांगून आमचं गिऱ्हाईक कमी होतं, पण ज्यांना तिथं जायला हवं त्यांना अडवून धंदा करायचा नाही.

हगवण

जुलाबाला मात्र आधी आमच्याकडे या, चालेल. इथं दवाखान्याआधी ओआरएस सुरू व्हायला हवं. मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं, छोटं एका पेल्याचं, २०० एमएलचं. मोठ्या पाकिटातलं थोडं-थोडं पेल्यात टाकून देणारी घरं आम्ही रोज बघतो. मग कधी ते खारट होतं, कधी नुसतं पाणी. पूर्ण पाकीट, पूर्ण पाणी, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या. दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्यानं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश.

खोक्यातलं रंगीत, गोड पेय मागू नका. ज्या पेयांत जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र नाही, त्यांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्न प्राधिकरणानं मनाई केली आहे. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. आम्ही ते ठेवणं बंद केलं. नफा त्यातच जास्त होता, सांगून टाकतो.

ओआरएससोबत झिंक १४ दिवस, जुलाब थांबले तरी. मोठ्या माणसांची जुलाब थांबवायची गोळी अर्धी करून देऊ नका. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, सहा-आठ तास लघवी नाही, तर दवाखाना. ओआरएस आणि झिंक आशाताईंकडे फुकट मिळतं, रात्री-अपरात्री आमचं शटर वाजवण्याआधी त्यांचं दार जवळ असतं.

खोकल्याचं सिरप आम्ही का देत नाही

मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचा रस्ता आपल्या सावनेरातूनच जातो. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तिकडची लेकरं याच रस्त्यानं नागपूरला नेली, किडन्या बंद पडलेली. विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या सिरपनं वीसहून जास्त लेकरं गेली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं सांगितलं की दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याची औषधं द्यायचीच नाहीत आणि पाच वर्षांखालीही सहसा नाहीत. साध्या खोकल्याला त्याचा फारसा उपयोगही नसतो. डॉक्टरांनी लिहून दिलं तर देतो, चिठ्ठीशिवाय नाही.

तिकडं बऱ्याच लेकरांना ते औषध चिठ्ठीवरच दिलं होतं. म्हणून आणखी एक विनंती, बिल घेतल्याशिवाय जाऊ नका. आमच्या बिलावर बॅच नंबर असतो. एखादी बॅच परत बोलावली तर आम्ही बिलावरच्या नंबरवर फोन करतो. विनाबिल दोन रुपये कमी करून मागणाऱ्यांना म्हणूनच नाही म्हणतो.

येताना

चिठ्ठी नवी असावी, वजन ताजं असावं, आणि घरी कुठली औषधं चालू आहेत त्यांच्या बाटल्याच पिशवीत घालून आणाव्यात, फोटो नको. पावडरची अँटिबायोटिक आम्ही इथंच उकळून गार केलेल्या पाण्यात तयार करून देतो आणि बाटलीवर शेवटची तारीख पेननं लिहितो. मोजायची सिरिंज त्यासोबत फुकट. डिजिटल थर्मामीटर ठेवतो, घेताना कसा लावायचा ते दाखवतो. दुकान रात्री साडेदहापर्यंत उघडं असतं, रविवारी दुपारी दोनपर्यंत.

वजनकाटा दाराच्या उजव्या हाताला आहे, पैसे लागत नाहीत. चप्पल काढा, लेकराला कडेवर घेऊन उभे राहा, आकडा बघा. मग लेकरू सोबतच्या माणसाकडे देऊन एकटे उभे राहा. दोन्हीतला फरक काउंटरवरच्या चिठोऱ्यावर लिहा आणि मग आवाज द्या.