कणसावर उतरणारी चित्रातली भोरडी

जानेवारीतलं लातूरकडचं ज्वारीचं रान. कणसांत दाणे भरलेत, माळ्यावर एक मुलगी गोफण घेऊन राखणीला बसली आहे. भोरड्यांचा, म्हणजे दाणे टिपणाऱ्या पाखरांचा, थवा येतो आणि त्यातली एक तिच्या समोरच्या कणसावर उतरते. रान खरं, मुलगी खरी, गोफण खरी. भोरडी मात्र हातानं काढलेली. पाच मिनिटांच्या छोट्या चित्रपटात असा दीड मिनिटाचा प्रसंग मोबाइलचा कॅमेरा, घरचा कॉम्प्युटर आणि क्रिता, ब्लेंडर यांसारखी मोफत सॉफ्टवेअर वापरून करता येतो. भोरडी खरी वाटणार की वरून चिकटवल्यासारखी दिसणार, हे चित्रकाराच्या हातापेक्षा त्या दिवशी रानात काय केलं आणि काय मोजून ठेवलं यावर जास्त ठरतं. भोरडी हुबेहूब असायची गरज नाही, चार रेघांची असली तरी चालते. पण तिच्या भारानं कणीस वाकलं पाहिजे, तिची सावली पडली पाहिजे आणि मुलीची नजर नेमकी तिच्यावर टेकली पाहिजे.

आधी कामाचा हिशोब. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमनं चालतो. चित्र मात्र दर फ्रेमला नवं लागत नाही. एकच चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी हालचाल सलग दिसते, कारण लागोपाठच्या स्थिर चित्रांमधली हालचाल मेंदू स्वतः जोडून घेतो. माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञानं १९१२ मध्ये हेच प्रयोगांनी दाखवलं होतं. म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, ९० सेकंदांना १,०८०. रंगासकट एका चित्राला २० मिनिटं धरली तर ३६० तास होतात, रोज सहा तास बसणाऱ्या एका माणसाचे दोन महिने. पटकथा लिहितानाच हा आकडा समोर हवा. थवा दूर ठेवला तर त्याची १६ चित्रांची एक फेरी पुन्हा पुन्हा वापरता येते. जवळची भोरडी तेवढी मन लावून काढावी.

इथे एक चूक हमखास होते. चित्र दोन फ्रेमांनी बदललं तरी चालतं, पण कॅमेरा हलत असेल तर चित्राची जागा प्रत्येक फ्रेमला बदलावी लागते. तीही दोन फ्रेमांनी बदलली की भोरडी कणसावरून घसरते, परत जागेवर येते, पुन्हा घसरते, आणि सेकंदाला १२ वेळा थरथरताना दिसते. दुसरी चूक मोबाइलची. बहुतेक फोनचा नेहमीचा कॅमेरा फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाही. प्रकाश कमी झाला की वेगही थोडा उतरतो. मग दहाव्या सेकंदाला बरोबर बसलेलं चित्र तिसाव्या सेकंदाला मागे-पुढे होतं. वेग, फोकस, एक्स्पोजर आणि रंगाचा तोल हाती ठरवून कुलूप घालता येईल असं कॅमेरा ॲप वापरावं. स्थिरीकरण बंदच ठेवावं. ते चालू असलं की दर फ्रेमला कडा वेगळ्या कापल्या जातात, प्रतिमा किंचित ताणली जाते आणि नंतर कॅमेऱ्याची हालचाल शोधणारं सॉफ्टवेअर गोंधळतं.

उन्हाचा प्रश्न वेगळा. लखलखीत उन्हात एफ १.८ भिंगाच्या (हा आकडा भिंगाचं तोंड किती उघडं ते सांगतो) आणि आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ५० वर ठेवलेल्या फोनला जेमतेम १/४००० सेकंद प्रकाश पुरतो. चित्रपटासारखी मऊ हालचाल हवी असेल तर १/५० सेकंद लागतो, म्हणजे प्रकाश सुमारे ८० पटींनी कमी करायला हवा. भिंगापुढे लावायचा एनडी ६४ हा राखाडी फिल्टर जवळपास तेवढं काम करतो. तो नसेल तर प्रत्येक फ्रेम कोरल्यासारखी धारदार येते आणि गोफण फिरताना तुटक दिसते. हाताच्या चित्रांत अशी पुसट हालचाल मुळात नसतेच, त्यामुळे भोरडी आणि मुलगी एकत्र दिसतात तिथे अगदी मऊ चित्रणापेक्षा १/१०० ची मधली वाट जास्त जमते. ज्वारीच्या रानासाठी तरी हीच निवड योग्य.

आता कणसाकडे वळू, कारण सगळी मेख तिथेच आहे. भोरडीचं वजन साधारण ६० ते ९० ग्रॅम. वाऱ्यावर नुसतं डोलणारं कणीस आणि ७५ ग्रॅमचं पाखरू उतरल्यावर दबणारं कणीस यांतला फरक शेतकऱ्याच्या पोराला शिकवावा लागत नाही, आणि आपला प्रेक्षक तोच आहे. म्हणून आधी ७५ ग्रॅम खडे कापडात बांधून कणसाला अडकवावेत आणि ते किती खाली येतं ते पट्टीनं मोजून लिहून ठेवावं. मग खडे काढून कणसाच्या मानेला बारीक तंगूस (नायलॉनची दोरी) बांधायची, तिचं दुसरं टोक ताटांच्या बुडाशी रोवलेल्या खिळ्याखालून काढून चौकटीबाहेर बसलेल्या माणसाच्या हाती द्यायचं. खुणेसरशी त्यानं तंगूस झटक्यात, मोजलेल्या अंतरापेक्षा थोडी जास्त ओढायची आणि लगेच किंचित सैल सोडायची. पाखरू उतरतं तेव्हा ताट आधी जास्त वाकतं, मग वर येऊन दोन-तीन हेलकाव्यांनंतर स्थिरावतं. उडताना उलटं होतं: भोरडी पायानं ताटाला रेटा देते, ताट क्षणभर आणखी खाली जातं आणि मग सुटतं. चित्र काढताना हे हेलकावे फ्रेम मोजून उतरवून घ्यायचे आणि भोरडीचे पंजे दर फ्रेमला त्याच दाण्यांवर ठेवायचे.

तंगूस उन्हात चमकते. तिच्यावर काळ्या मार्करचा हात फिरवला तर पुसायचं काम बरंच कमी होतं. वारा मात्र वैरी. सकाळी लवकर रान निवांत असतं, वारा सुटल्यावर ताट वाऱ्यानं किती हललं आणि दोरीनं किती, हे वेगळं करता येत नाही. चित्रण सकाळीच उरकण्याचं हे एक कारण.

सावली मात्र उलट्या बाजूनं ओढते, कारण सकाळी ती भराभर बदलते. जानेवारीच्या मध्यात लातूरला सकाळी ९ वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण २५ अंश वर असतो. २० सेंमी उंचीच्या काठीची सावली तेव्हा ४४ सेंमी पडते. १० वाजता सूर्य ३५ अंशांवर येतो आणि सावली २८ सेंमी होते. दुपारी साडेबाराच्या सुमारास ती १६-१७ सेंमीच उरते. म्हणजे सकाळच्या एका तासात सावली एक तृतीयांशानं आखडते. एकाच प्रसंगाचे तुकडे ९ ते ११ घेतले आणि भोरडीला सगळीकडे एकच सावली चिकटवली, तर माळ्याची खरी सावली एक सांगते आणि पाखराची दुसरं. उपाय साधा आहे. दर शॉटनंतर भोरडीच्या उंचीची काठी तिच्या जागी उभी करून पाच सेकंद चित्रण करायचं, वहीत वेळ लिहायची. सोबत राखाडी रंग दिलेला चेंडू आणि चकचकीत स्टीलचा गोल तांब्याही त्याच जागी धरावा. चेंडूवर उजेड-अंधाराची सीमा दिसते; तांब्यात सूर्य, आकाश आणि आजूबाजूचं रान कुठून किती उजेड टाकतं ते दिसतं.

सावलीची धार कशी असावी याचं गणितही ठरलेलं आहे. सूर्य हा बिंदू नाही. आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो. त्यामुळे सावलीची कड वस्तूपासून जितकी दूर तितकी पुसट होते, अंतराच्या साधारण १०७ व्या भागाइतकी. भोरडी ढेकळावर उभी असेल तर सकाळी दहाच्या उन्हात तिच्या डोक्यापासून मातीपर्यंत किरणाचं अंतर सुमारे ३५ सेंमी, म्हणून सावलीची कड तीनच मिलिमीटर पुसट, आणि पंज्यांपाशी तर एकदम धारदार. तीच भोरडी दोन मीटर उंच कणसावर बसली की हे अंतर साडेतीन मीटर होतं आणि कड तीन सेंमीहून जास्त विरते. पाखराचं अंगच सात-आठ सेंमी रुंद. त्यामुळे कणसावरच्या भोरडीची चोच-शेपटीसकट कातरलेली सावली जमिनीवर दाखवणं चूक. तिथे नुसता मऊ डाग हवा, तोही ताटांच्या सावल्यांत मिसळलेला. जमिनीवर उतरल्यावर मात्र सावली कोरीव हवी. पंजा आणि ढेकूळ यांमधली बोटभर काळसर रेघ विसरली, तर उत्तम काढलेलं पाखरूही हवेत तरंगतं.

नजरेचं काम माणसाचं आहे. पैठणचे चित्रकथी कागदावरची चित्रं पुढे धरून कथा सांगत, तेव्हा चित्र जिवंत व्हायचं ते सांगणाऱ्याच्या बोटामुळे आणि नजरेमुळे. पडद्यावरही तसंच घडतं. ६० सेंमीवरच्या वस्तूकडे पाहताना दोन्ही डोळे एकमेकांकडे साधारण सहा अंशांनी वळतात, तीन मीटरवर एकाच अंशानं. समोर काही नसताना ‘इथे पाखरू आहे असं समज’ म्हटलं, तर मुलीचे डोळे आपोआप दूरवर जातात आणि क्लोजअपमध्ये ते लगेच कळतं. काठीच्या टोकाला कापसाची गोळी बांधून भोरडीच्या डोळ्याच्या जागी धरावी, हलवायची तशी हलवावी. त्यानंतर कॅमेरा तसाच ठेवून काठीही नाही आणि मुलगीही नाही असं दहा सेकंद रिकामं रान टिपावं. काठी पुसताना तिच्या जागी भरायला हेच रान लागतं.

कॅमेरा तिवईवर स्थिर असेल तर पुढची एक अडचण टळते. हलता असेल तर त्याचा प्रवास सॉफ्टवेअरनं शोधायचा असतो: जवळच्या खुणा जास्त सरकतात, दूरच्या कमी, आणि त्यावरून कॅमेऱ्याची जागा काढली जाते. ब्लेंडरला त्यासाठी किमान ८ खुणा लागतात, प्रत्यक्षात २०-२५ असाव्यात. कणसं आणि पानं खुणा म्हणून निरुपयोगी, कारण ती स्वतःच हलतात. बांधावरचे दगड, मोठी ढेकळं, माळ्याचे खांब, विजेचा खांब घ्यावेत. काळ्या मातीत पुरेशा खुणा नसतील तर पांढरे खडे पसरावेत. फक्कीचे ठिपके नंतर पुसावे लागतात, खडे रानातच शोभतात. जागच्या जागी कॅमेरा फिरवला तर खोली कळतच नाही, दोन पावलं तरी बाजूला सरकावं. एक मीटरची काठी चौकटीत टाकली म्हणजे मोजमाप ठरतं. गणिताची सरासरी चूक एका पिक्सेलच्या आत, शक्यतो अर्ध्याच्या आत आली पाहिजे.

मुलीला चित्रातल्या जगात न्यायचं असेल, समजा ती थव्याबरोबर उडते, तर मागे एकरंगी कापड, म्हणजे क्रोमा लागतो; तो रंग नंतर काढून तिथे चित्र भरतात. सहसा हिरवा घेतात, कारण बहुतेक सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरव्यासाठी असतात आणि हिरवी प्रतिमा सर्वांत स्वच्छ येते. इथे मात्र मुलीच्या हातात हिरव्या बांगड्या आणि ओंजळीत हुरड्याचं हिरवं कणीस असेल तर तेही कापडाबरोबर गायब होईल. निळं कापड घ्यावं आणि उजेड वाढवावा, कारण निळ्याच्या वाट्याला पाव पिक्सेल येतात व अंधारात ते दाणेदार होतात. मुलगी कापडापासून दोन मीटर पुढे असावी. जवळ असली की कापडाचा रंग गालावर, पांढऱ्या कपड्यावर आणि पितळी घागरीवर उतरतो. फोनचं नेहमीचं चित्रण चार पिक्सेलना मिळून एकदाच रंग नोंदवतं, म्हणून केसांच्या कडा पायऱ्या पडल्यासारख्या कापल्या जातात. फोर-के मध्ये चित्रण करून चित्रपट फुल एचडीत काढला तर दर पिक्सेलला स्वतःचा रंग मिळतो. घरातल्या दिव्यांखाली शटर १/५० किंवा १/१०० च ठेवावं. आपली वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे तिच्यावर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात.

मिसळताना दोनच गोष्टी जपायच्या. फोनच्या चित्रातले आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात: निम्मा प्रकाश म्हणजे २५५ पैकी १२८ नाही, साधारण १८८. म्हणून सावलीचं गुणोत्तर काढणं आणि लावणं, दोन्ही लिनिअर प्रकाशात, म्हणजे आकडे प्रकाशाच्या सरळ प्रमाणात आणून, करावं. नाहीतर सावली शाईसारखी गडद होते. हे गुणोत्तर माळ्याच्या खऱ्या सावलीवरून घ्यावं, त्याच मातीचा उन्हातला एक ठिपका आणि सावलीतला एक. सावलीला आकाशाची किंचित निळाई असते, तीही त्यातच येते. दुसरी गोष्ट भोरडीच्या काळ्या डोक्याची. रानातल्या चित्रणात शुद्ध काळा क्वचितच सापडतो, धूळ आणि हवा त्याला उजळवतात. चित्रातला काळा शून्यावर न ठेवता चौकटीतल्या तेवढ्याच दूरच्या सर्वांत गडद भागाइतका वर आणावा, वर चित्रणातल्यासारखा बारीक दाणा टाकावा. जिथे मुलीचा हात भोरडीच्या पुढून जातो तिथे हाताचा आकार दर फ्रेमला कापावा लागतो, चार सेकंदांना ९६ वेळा. त्यामुळे भोरडी शक्यतो हाताच्या पुढेच राहील अशी मांडणी आधीच करावी.

शेवटी कॉम्प्युटरला रात्रभर काम लावताना सरळ व्हिडिओ फाइल बनवू नये, क्रमांक असलेल्या पीएनजी चित्रांची मालिका काढावी. एक फ्रेम चार एमबीची धरली तर २,१६० फ्रेमना साडेआठ जीबीच्या आसपास जागा लागते. रात्री लाइट गेली तर व्हिडिओ फाइल अर्धवट राहून उघडतही नाही. मालिकेत, समजा ११४० व्या फ्रेमनंतर लाइट गेली, तर तिथपर्यंतचं काम सुरक्षित असतं. सकाळी शेवटची फ्रेम उघडून ती पूर्ण आहे ना ते पाहावं आणि ११४१ पासून पुढे लावावं.