हॉलिवूडची काळी यादी

कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लेखक, दिग्दर्शक, नट आणि तंत्रज्ञांना काम नाकारण्याची अमेरिकन चित्रपटसृष्टीतील प्रथा. काळ साधारण १९४७ ते १९६०. तसा कायदा कधीच नव्हता. काम तोडत होते ते स्टुडिओंचे मालक.

ही हकिगत बहुधा तुरुंगात गेलेल्या ‘हॉलिवूड टेन’ या दहा चित्रपटकर्मींपासून सांगितली जाते. तिची मुळे मात्र कामगारलढ्यात आहेत. १९४५ मध्ये सुतार, रंगारी, सेट सजवणारे अशा स्टुडिओ-कामगारांनी महिनोन्‌महिने संप केला. ५ ऑक्टोबरला बरबँक येथे वॉर्नर ब्रदर्सच्या फाटकावर त्यांच्यावर पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर सोडण्यात आला. पुढे या कामगार-संघटनांची लढाऊ आघाडी मोडून पडली. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने संघटनांच्या पदाधिकाऱ्यांकडून कम्युनिस्ट नसल्याची शपथपत्रे मागितली. त्याच वर्षी ऑक्टोबरात प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवाया समितीपुढे ‘हॉलिवूड टेन’मधल्या दहा जणांनी, तुम्ही कम्युनिस्ट आहात का, या प्रश्नाला उत्तर नाकारले. त्यांच्यावर अवमानाचा ठपका आला आणि वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात जमलेल्या स्टुडिओप्रमुखांनी त्यांना काम न देण्याचे ठरवले. १९५१ पासूनच्या चौकश्यांत सुटकेची वाट एकच उरली : सहकाऱ्यांची नावे सांगणे.

यादीत गेलेल्यांनी एकत्र येऊन काढलेला ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ (१९५४) हा या काळातला सर्वांत धाडसी चित्रपट म्हणावा लागेल. न्यू मेक्सिकोतील एम्पायर झिंक खाणीच्या १९५०–५२ मधील संपावर तो आधारला आहे. न्यायालयाने खाणकामगारांना धरणे धरण्यास मनाई केली, तेव्हा मनाई संपकरी कामगारांना आहे, त्यांच्या बायकांना नाही, हे हेरून मेक्सिकन-अमेरिकन स्त्रियांनी रस्ता अडवला. डझनावारी स्त्रिया मुलाबाळांसह कोठडीत गेल्या. घरी चूल आणि धुणे पुरुषांच्या गळ्यात पडले. घरात गरम पाणी हवे ही बायकांची जुनी मागणीही याच लढ्यात पुढे आली. चित्रपटात नायकाचे काम संघटनेचा खराखुरा अध्यक्ष हुआन चाकोन याने केले. नायिका रोसाउरा रेवुएल्तास हिला चित्रण चालू असतानाच अटक झाली आणि मेक्सिकोला परतावे लागले. प्रयोगशाळा फिल्म धुऊन देईनात, प्रोजेक्टर चालवणाऱ्यांच्या संघटनेने प्रदर्शन रोखले. कामगारांच्याच संघटनेने कामगारांचा चित्रपट अडवावा, याची खंत वाटते.

१९६० मध्ये ‘स्पार्टाकस’ आणि ‘एक्सोडस’ या चित्रपटांवर यादीतला पटकथालेखक डाल्टन ट्रंबो याचे नाव झळकले आणि यादीची पकड सुटू लागली. ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’चा लेखक मायकेल विल्सन याला ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’च्या पटकथेचे ऑस्कर श्रेय मिळाले ते १९८४ मध्ये, मृत्यूनंतर सहा वर्षांनी.