‘तोंडाने काही देऊ नये’ : एका सूचनेची पार्श्वभूमी

इंदूरच्या रामबागेतून सून डब्यात मऊ भात आणि मुगाचे कढण घेऊन रुग्णालयात येते, आणि पक्षाघात झालेल्या ऐंशी वर्षांच्या सासऱ्यांच्या खाटेशी ‘एनबीएम’ ही अक्षरे लिहिलेली पाहून डबा तसाच परत नेते. तोंडाने काही देऊ नये, एवढाच त्या अक्षरांचा अर्थ असला, तरी त्यांचा उगम म्हाताऱ्या माणसांच्या गिळण्याशी फारसा संबंधित नाही.

भूल देण्यापूर्वी रुग्णाला उपाशी ठेवण्याचा नियम पक्का होण्यामागे न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांचा 1946 मधला लेख होता. बाळंतपणात भूल दिलेल्या स्त्रियांच्या जठरातला ऐवज श्वासनलिकेत उतरल्याची 66 उदाहरणे त्यांनी त्यात नोंदवली होती. तो उपास काही तासांचा होता. वृद्धाच्या खाटेशी मात्र, गिळताना घास श्वासनलिकेत जाईल या भीतीने, तीच सूचना आठवडाभर, कधी त्याहून अधिक टिकते, आणि तेवढ्या काळाची सोय नळीने होते. नाकातून जठरात जाणारी आपली ‘राईल्स ट्यूब’ जॉन राईल या ब्रिटिश वैद्यांच्या नावाची. त्यांनी ती 1921 मध्ये मांडली ती जठररस तपासण्यासाठी. मोठी शस्त्रक्रिया न करता, दुर्बिणीच्या मदतीने पोटाला छिद्र पाडून नळी बसवण्याची पद्धत 1980 मध्ये गॉडरर आणि पॉन्स्की यांनी प्रसिद्ध केली, तीही मुख्यतः लहान मुलांचा विचार करून. म्हाताऱ्यांच्या वाट्याला दोन्ही साधने मागाहून आली.

दरम्यान गिळणे प्रत्यक्ष दिसू लागले. जेरी लोगमन यांनी बेरियम मिसळलेल्या घासाची क्ष-किरण तपासणी रूढ केली, तर सुसान लँगमोर यांनी 1988 मध्ये नाकातून दुर्बीण घालून घसा पाहण्याची पद्धत मांडली. ठसका न लागताही अन्न फुप्फुसाकडे उतरते हे त्यामुळे पडद्यावर दिसले, आणि घरोघरी निर्धोक समजले जाणारे साधे पाणीच सर्वांत निसटते ठरते हेही. म्हणून पाणी दाट करून देण्याची रीत आली. पण 2008 च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दाट पेयांनी न्यूमोनिया लक्षणीयरीत्या कमी झालेला दिसला नाही, उलट शरीरातले पाणी कमी पडण्याचे प्रमाण थोडे वाढले. लँगमोर यांच्याच 1998 च्या अभ्यासात तर केवळ गिळण्याचा दोष न्यूमोनियाला पुरेसा ठरला नाही; दुसऱ्याच्या हातून भरवून घ्यावे लागणे, तोंडाच्या स्वच्छतेसाठीही दुसऱ्यावर अवलंबून असणे आणि किडलेले दात ही कारणे ठळक निघाली. माझ्या मते या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित धडा हाच आहे, कारण कवळी धुण्याचे काम कोणाच्याच कागदावर नसते.

पुढचा प्रश्न निर्णयाचा. तीव्र स्मृतिभ्रंशात नळीऐवजी सावकाश हाताने भरवावे, असे अमेरिकेच्या जराचिकित्सा संस्थेने 2014 मध्ये सांगितले. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2010 मध्येच या पेचावर मार्गदर्शन दिले होते, आणि पुढे तिकडे जोखीम मान्य करून तोंडाने खाण्याची नोंद कागदावर करण्याची पद्धत आली. भारतात, 1973 मधल्या हल्ल्यानंतर मुंबईच्या केईएम रुग्णालयात अचेत पडून राहिलेल्या अरुणा शानबाग यांना परिचारिकांनी सप्टेंबर 2010 पर्यंत, म्हणजे सुमारे 37 वर्षे, तोंडानेच भरवले होते, आणि मलेरियानंतर नळी घालावी लागली, हा तपशील त्यांच्या इच्छामरणाच्या अर्जावरील सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालाची चर्चा करताना सहसा कोणी सांगत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आणि 2023 मधली त्याची सुलभ केलेली प्रक्रिया कृत्रिम उपचार थांबवण्याविषयी आहे. धोका ठाऊक असूनही दोन घोट चहा मागणाऱ्या शुद्धीतल्या माणसाचा प्रश्न तिच्या कक्षेबाहेर राहतो.

इंदूरच्या मराठी घरांत त्याचे उत्तर बहुधा थोरला मुलगा डॉक्टरांशी हिंदीत बोलून ठरवतो आणि आजोबांना सर्वांत शेवटी कळते. घरी पाठवतानाच्या कागदावर ‘आरटी फीड, 200 मिली, दर दोन तासांनी’, म्हणजे राईल्स ट्यूबमधून अन्न, असे असते. तो कागद हाती असतानाही, नळी तशीच ठेवून, सून त्यांना उशीला टेकवून ताठ बसवते आणि छोट्या चमच्याने चहा देते; एक घोट उतरल्याखेरीज दुसरा देत नाही. पोहे मात्र ती देत नाही, कारण त्यांचे कण घशात विखुरतात, हे तिला कोणी न सांगता कळले आहे. पुढच्या तपासणीला डॉक्टर विचारतात, ‘तोंडाने काही देत नाही ना?’ आणि ती नाही म्हणते.