ब्लडला फूड जुळत नाही, मड मात्र जुळतं

बेळगावात कुठल्याही गल्लीत जा, टिळकवाडी म्हणा, वडगाव म्हणा, नाहीतर तिकडं खानापूर-निपाणीला म्हणा, घरात पहिली-दुसरीतलं इंग्लिश मिडियमचं पोरगं असलं की एक होमवर्क ठरलेला असतो, दिलेल्या शब्दाला पाच रायमिंग वर्ड्स, म्हणजे यमक जुळणारे शब्द, लिहा आणि त्यांचे अर्थ लिहा. तो होमवर्क बहुतेक वेळा आईच करते, हे काय वेगळं सांगायला नको. समजा शब्द आलाय फूड. आई स्पेलिंग बघते, शेवटी डबल ओ आणि डी, मग काय, मूड, गुड, हुड, ब्लड, फ्लड, झाले की पाच! पण हे पाच शब्द जरा मोठ्यानं म्हणून बघा. फूडला जुळणारा त्यातला मूड तेवढाच. गुड आणि हुड (रेनकोटाला असते ती टोपी) एकमेकांना जुळतात, फूडला नाही. ब्लड-फ्लड म्हणजे रक्त आणि पूर, त्यांची जोडी तर तिसरीकडंच, त्यांना जुळणारे शब्द म्हणजे मड, चिखल, आणि बड, कळी, ज्यांच्या स्पेलिंगमध्ये डबल ओचा पत्ताच नाही.

आता हेच देवनागरीत लिहिलं की एका नजरेत कळतं, ऊ वेगळा, उ वेगळा, अ वेगळा. इंग्रजी लिपीत तिघांनाही एकच डबल ओ.

नियम तसा सोपा आहे. इंग्रजी शब्दात ज्या ठिकाणी जोर येतो त्या स्वरापासून शेवटापर्यंत सगळं सारखं ऐकू आलं पाहिजे आणि त्या स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं पाहिजे. नेशन-स्टेशन जुळतं कारण जोर 'ने' आणि 'स्टे' वर आहे आणि तिथून पुढं सगळं एक. हॉटेलचा जोर इंग्रज माणूस 'टेल' वर देतो, म्हणून त्याच्या कानाला हॉटेल जुळतं बेलला, आणि आपण खडेबाजारातून ज्या सुरात हॉटेल म्हणतो त्या सुरात ते बेलला नीट जुळतच नाही. म्हणजे यमक कागदावर नसतंच, ते कानात असतंय.

मग स्पेलिंगनं असा घोळ का घातला? साधारण 600 वर्षांपूर्वी हे सगळे शब्द खरोखरच एकमेकांना जुळत होते. तेव्हा रक्ताला 'ब्लोड', मूडला 'मोड', पुराला 'फ्लोड' असं लांब ओ लावून म्हणायचे आणि गुडला म्हणायचे चक्क 'गोड' (योगायोग आहे हो, लगेच संस्कृतपर्यंत नाती जोडू नका). मग 1400 ते 1700 च्या आसपास इंग्रजीतले लांब स्वर एकामागून एक जागा सोडून वर सरकले, ऑटो येस्पर्सन नावाच्या डॅनिश भाषाशास्त्रज्ञानं याला मोठं स्वरांतर अशा अर्थाचं नाव दिलं. त्यात ओ चा ऊ झाला. फूड आणि मूड तिथंच थांबले. ब्लड-फ्लडमधला ऊ मात्र लवकरच आखूड होऊन उ झाला आणि सतराव्या शतकात दक्षिण इंग्लंडमध्ये अशा उ चा अ होण्याची जी लाट आली तिच्यात ते सापडले, मड आणि कप पण त्याच लाटेत बदलले. गुड आणि हुड आखूड झाले ते ही लाट ओसरल्यावर, म्हणून ते उ वरच राहिले. उत्तर इंग्लंडपर्यंत ही लाट पोचलीच नाही, तिथली माणसं आजपण चिखलाला 'मुड' आणि कपाला 'कुप' म्हणतात.

आणि हे सगळं चालू असतानाच, 1476 साली, विल्यम कॅक्स्टननं इंग्लंडात छापखाना टाकला. उच्चार पुढं गेले आणि स्पेलिंग छापखान्यात अडकून बसलं. आपल्याकडं पोरांना जे पाठ करावं लागतं ते मुळात पाचशे-सहाशे वर्षांपूर्वीचं उच्चारण आहे, हे पोरांना एकदा सांगून तरी टाकावं असं मला वाटतं, निदान चूक आपली नाही एवढं तरी त्यांना कळेल.

हे जुने उच्चार कळले कसे, तेव्हा तर रेकॉर्डिंग नव्हतं? बरेचसे यमकांवरूनच कळले. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'मधल्या चेटकिणी कढईत माकडाचं रक्त ओततात तेव्हा एका ओळीच्या शेवटी ब्लड येतं आणि पुढच्या ओळीच्या शेवटी गुड. आजच्या कानाला ते खटकतं, पण त्या काळच्या प्रेक्षकांना ते चालण्यासारखं होतं म्हणूनच तसं लिहिलंय ना. असेच शेकडो दाखले गोळा करून डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञानं 2004 साली लंडनच्या ग्लोब थिएटरात शेक्सपिअरचं नाटक जुन्या उच्चारांत बसवायला मदत केली.

आता जरा आपल्या भागात या. मराठीत यमक म्हटलं की ओळीचा शेवट, जात्यावरच्या ओवीपासून लग्नातल्या उखाण्यापर्यंत सगळं शेवटालाच जुळतं. पण शेजारची कन्नड बघा, जुन्या कन्नड कवितेत यमक येतं प्रत्येक ओळीच्या दुसऱ्या अक्षरावर! पहिल्या ओळीचं दुसरं अक्षर जे असेल तेच व्यंजन पुढच्या सगळ्या ओळींच्या दुसऱ्या अक्षरात आलं पाहिजे, त्याला प्रास म्हणतात, आणि नवव्या शतकातल्या 'कविराजमार्ग' या ग्रंथात पण त्याची चर्चा आहे. असं का असेल? माझा आपला अंदाज, कन्नडमध्ये प्रत्यय शेवटाला लागतात आणि शब्द बहुतेक स्वरावरच संपतात, बसचं बस्सु, कारचं कारु, रोडचं रोडु, मग शेवटाला जुळवण्यात मजा ती काय राहणार, सगळंच जुळतंय की. खुद्द इंग्रजीत पण शेवटाचं यमक नंतर रुळलं, जुनी इंग्रजी कविता ओळीतल्या शब्दांच्या पहिल्या आवाजावर चालायची, 1066 नंतर नॉर्मन लोकांची फ्रेंच आली आणि तिच्या वळणानं शेवटाला जुळवणं वाढलं.

पण रोजच्या बोलण्यात यमक पाडायला दोन्ही भाषा सारख्याच पटाईत. आपण म्हणतो चहाबिहा घेणार काय, जेवणबिवण झालं काय, आणि शेजारच्या कन्नड काकू विचारतात ऊट-गीट आयता. मराठीत पहिलं अक्षर काढून तिथं 'बि' बसवायचा, कन्नडमध्ये 'गि'. त्यात पण एक बारकावा आहे, कन्नड मूळ स्वराची लांबी सांभाळते, मने-गिने (घरबिर) मध्ये गि ऱ्हस्व आणि नीरु-गीरु (पाणीबिणी) मध्ये गी दीर्घ, आणि आपण सरसकट बि ठोकून मोकळे, पाणीबिणी. बेळगावातलं चार वर्षांचं पोर शाळेत जायच्या आधी हे दोन्ही बिनचूक करतंय. म्हणजे शब्दाचं डोकं उडवून शेपूट तेवढं ठेवायचं, हे काम त्याला आधीच येतंय.

इंग्रजीचं यमक यापुढं फक्त एक पायरी मागतं. कॅटमधून आपण पूर्ण 'कॅ' काढतो, तिथं निव्वळ 'क्' काढून 'ॲट' शिल्लक ठेवायचं असतं, आणि आपल्या लिपीत क् आणि ॲ एकाच अक्षरात बांधलेले असल्यामुळं हे सुटं करणं पोरांना पहिल्यांदा जड जातं. ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या सुमारे 400 मुलांना नुसते शब्द ऐकवून यातला न जुळणारा कुठला असं विचारलं, आणि पुढची तीनेक वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना हे आधी जमलं होतं ती मुलं पुढं वाचनात-स्पेलिंगमध्ये पण पुढं निघाली, हे त्यांनी 1983 साली 'नेचर'मध्ये छापलं. काही मुलांना असे आवाज वेगळे करायचं शिकवूनही बघितलं, आणि शिकवताना प्लॅस्टिकची अक्षरं पण हातात दिली त्यांचा फायदा सगळ्यात जास्त झाला. पुढं यावर बरीच भांडणं झाली, यमक महत्त्वाचं की एकेक सुटा आवाज ओळखणं, आणि आता बहुतेक संशोधकांचा कल सुट्या आवाजाकडं आहे. तरी सुरुवात यमकानं करायला काय हरकत नाही, कारण त्यासाठी अक्षरओळख लागत नाही. पोर्तुगालमध्ये 1979 साली कधीच शाळेत न गेलेल्या मोठ्या माणसांची परीक्षा घेतली तेव्हा शब्दाचा पहिला आवाज तेवढा काढून टाका म्हटल्यावर बहुतेकांना जमलं नाही, पण पुढच्या अभ्यासांत यमक ओळखायला सांगितल्यावर अशा माणसांतल्या बऱ्याच जणांना ते जमलं. आमच्याकडच्या सही पण न येणाऱ्या आज्या ओवीचं यमक कधी चुकवत नव्हत्या, त्यात मला तरी नवल वाटत नाही.

राहिला अर्थ. जुळणाऱ्या शब्दांचे अर्थ पण जुळतात काय? बहुतेक नाही, कॅट मांजर, हॅट टोपी, मॅट चटई, रॅट उंदीर, काय संबंध. पण काही कुळं अशी आहेत की संशय यावा. क्रॅश, स्मॅश, बॅश, मॅश, स्प्लॅश, सगळीकडं आदळआपट नाहीतर चेचणं. बम्प, लम्प, हम्प, सगळीकडं टेंगूळ, गोळा, उंचवटा. जे. आर. फर्थ या इंग्रज भाषाशास्त्रज्ञानं 1930 साली अशा अर्थ चिकटलेल्या आवाजांना वेगळं नावच दिलं. कॅश आणि पम्प त्यात बसत नाहीत, म्हणजे नियम नाही, नुसता ओढा आहे. मराठीला हे नवं नाही, खळखळ, झुळझुळ, सळसळ ऐकलं की अर्थ न सांगता कळतो.

यमकाचा त्रास पण असतोय. फोनवर स्पेलिंग सांगताना बी, डी, पी, टी, व्ही सगळी एकमेकांना जुळतात, त्यामुळं समोरचा हमखास चुकीचं लिहून घेतो. म्हणून आपण बी फॉर बेळगाव म्हणतो, आणि विमानवाल्यांनी तर 1956 पासून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो, व्हिक्टर अशी एकमेकांना न जुळणारी नावं ठरवूनच टाकली.

आणि काही शब्दांना इंग्रजीत जोडीच मिळत नाही, निदान रोजच्या वापरातली. सिल्व्हरला आहे चिल्व्हर, म्हणजे मेंढीची मादी कोकरू, पर्पलला हर्पल, लंगडत चालणं, पण हे शब्द किती इंग्रजांनी तरी ऐकलेत कुणास ठाऊक. ऑरेंजला वेल्समधला ब्लॉरेंज नावाचा एक डोंगर तेवढा सापडतो. मंथला तर सरळ कुणीच नाही, कारण त्यातला शेवटचा थ इंग्रज दातात जीभ धरून हवा सोडत म्हणतो आणि न च्या मागं तसा आवाज त्यांच्या दुसऱ्या सोप्या शब्दात त्याच स्वराबरोबर येतच नाही. आपण मात्र आपला सरळ थ लावून मंथ म्हणतो, त्यामुळं आपल्याकडं त्याला ग्रंथ पण आहे आणि पंथ पण.